डिस्लेक्सियाच्या संस्थेत विश्वस्त व्हायला विचारलंय, हो म्हणू का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगा सातवीत आहे, चौथीत असताना डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता, असल्याचं कळलं, ज्या संस्थेत तो रेमेडियलला, म्हणजे त्यासाठीच्या खास शिकवणीला जातो त्याच संस्थेने आता तुम्हाला विश्वस्त व्हाल का असं विचारलंय. तुम्ही बँकेत आहात, आणि तुम्हाला तीन गोष्टी कळत नाहीयेत: वेळ किती जाईल, उद्या काही गडबड झाली तर ती आपल्या गळ्याशी येईल का, आणि आपल्याला शिकवण्याचं ट्रेनिंग नाही तर आपला तिथे उपयोग काय.

तिन्हींची उत्तरं देते, पण त्याआधी तुम्ही न विचारलेला एक प्रश्न आहे आणि मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. ज्या संस्थेकडून तुमच्या मुलाला मदत मिळते, तिचाच कारभार उद्या तुमच्या हातात येणार. आज मुलाच्या बाई तुमच्याशी मोकळेपणाने बोलतात, उद्या त्यांचा पगार ठरवणाऱ्यांपैकी एक तुम्ही असाल. हे जमणार असेल तर बाकीचं सगळं शिकता येतं.

माझ्याबद्दल थोडक्यात. मी स्वतः आधी बरीच वर्षं मुलांना रेमेडियल शिकवलं आणि मग अशाच एका छोट्या संस्थेत विश्वस्त म्हणून आले, अजूनही आहे. त्यामुळे मी जे सांगतेय ते महाराष्ट्रातल्या, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेल्या छोट्या ते मध्यम संस्थेबद्दल आहे असं धरून चाला. मोठ्या संस्थेत पगारी सीईओ, अकाउंटंट, सगळं असतं, तिथलं काम वेगळं. कंपनी कायद्याच्या कलम आठची, म्हणजे ना-नफा कंपनी असेल तर तुम्ही विश्वस्त नाही, संचालक होणार, त्याचे नियम वेगळे. आणि आपल्याकडे बऱ्याच संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदवलेल्या असतात, तिथे तुम्हाला कार्यकारी मंडळ सदस्य म्हणतील, पण जबाबदारी जवळपास तीच. तेव्हा पहिलं काम म्हणजे संस्था नक्की कशी नोंदवलेली आहे ते विचारा.

आता गळ्याशी येण्याचं. विश्वस्त म्हणजे शनिवारी येऊन मदत करणारी स्वयंसेवक नाही. स्वयंसेवक कंटाळला तर यायचा थांबतो, विश्वस्ताचं नाव धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत असतं आणि ते तिथून निघेपर्यंत संस्थेच्या बऱ्यावाईटाला तो बांधील असतो. संस्थेच्या प्रत्येक कर्जासाठी तुमचं घर विकावं लागेल असं अजिबात नाही, प्रामाणिकपणे आणि काळजीने काम करणाऱ्याला उगाच घाबरायचं कारण नाही. पण हिशेब वर्षानुवर्षं सादर केले नाहीत, पैशाचा गैरवापर झाला, कर्तव्यात सतत हयगय केली, तर त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढून टाकता येतं. आणि "मला माहीतच नव्हतं, मी फक्त सही केली" हे तिथे उत्तर होत नाही. मी तर म्हणेन की आपल्याकडच्या छोट्या संस्थांत चोरी क्वचित होते, हयगय मात्र सर्रास होते. सगळी चांगली माणसं असतात, मुलांसाठी जीव टाकतात, आणि कागद तीन वर्षं कपाटात पडून असतात कारण कागद बघणं हे कोणाचंच काम नसतं.

म्हणून हो म्हणायच्या आधी काही कागद बघायला मागा. लाजू नका. ट्रस्ट डीड किंवा घटना, त्यात संस्थेचे उद्देश काय लिहिलेत ते वाचा (मी एक घटना पाहिली आहे जिच्यात शिक्षण शब्द होता पण अध्ययन अक्षमतेचं काम कुठेच बसत नव्हतं, आणि त्यावरून पुढे देणगीदाराने प्रश्न काढला). परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा ताजा उतारा, त्यात आजच्या विश्वस्तांची नावं आहेत का. हे फार महत्त्वाचं आहे, कारण विश्वस्त बदलला की ९० दिवसांत कलम २२ प्रमाणे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी माहिती धर्मादाय कार्यालयाला द्यायची असते, आणि कित्येक संस्थांत नोंदीवर अजून वारलेल्या माणसांची नावं असतात, मग बँकेत सह्या बदलायला गेलं की सगळं अडतं, तुम्ही बँकेत आहात म्हणजे हा प्रकार तुम्ही काउंटरच्या पलीकडून पाहिलाच असेल. मग गेल्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब आणि ते धर्मादाय कार्यालयात सादर केल्याचा पुरावा. आयकराची नोंदणी आणि देणगीदाराला करसवलत देणारी ८०जी, ती आता कायमची नसते, मुदतीची असते, त्यामुळे कधी संपते ती तारीख बघा. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी घेत असतील तर सीएसआर एक फॉर्मची नोंदणी लागते. परदेशातून पैसे येत असतील, अगदी अमेरिकेतल्या मावशीच्या ओळखीच्यांनी प्रेमाने पाठवलेले असले आणि त्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट असला तरी, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, तिथे चालढकल चालत नाही. आणि शेवटी इतिवृत्ताचं पुस्तक, म्हणजे मिनिट बुक. मला विचाराल तर सगळ्यात आधी हेच उघडा. मीटिंगला कोण येतं, वाद होतात का, की प्रत्येक ठराव "सर्वानुमते मंजूर" आणि पाच ओळींत मीटिंग संपलेली, यावरून संस्था कशी चालते ते हिशेबापेक्षा लवकर कळतं.

हे कागद मागितल्यावर संस्था नाराज झाली तर तुम्हाला उत्तर मिळालं. चांगली संस्था खूश होते.

आता पालक म्हणून विश्वस्त होण्याबद्दल, कारण इथे लोक अडखळतात आणि कोणी आधी सांगत नाही. पालक विश्वस्त असणं ही माझ्या मते संस्थेची गरज आहे. ज्या बाईने रात्री साडेनऊला रडणाऱ्या मुलाबरोबर बसून मराठीचं गाळलेल्या जागा भरा पूर्ण केलंय, शाळेत जाऊन "आळशी नाहीये हो तो" हे दहा वेगवेगळ्या शिक्षकांना सांगितलंय, तिला जे कळतं ते आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांनाही पूर्ण कळत नाही. पण मंडळात बसल्यावर तुम्ही एका मुलाची आई म्हणून बसत नाही, तिथे येणाऱ्या सगळ्या मुलांच्या वतीने बसता. मुलांच्या फीचा विषय निघाला, तुमच्या मुलाच्या बाईंच्या पगारवाढीचा निघाला, सातवीच्या बॅचची वेळ बदलायचा निघाला, की आधी सांगायचं की माझा मुलगा यात आहे, चर्चेतून बाजूला व्हायचं, आणि तसं इतिवृत्तात लिहून घ्यायचं. एका ओळीचं काम आहे पण ती ओळ तुम्हाला वाचवते.

फीचं तर अजून कडक आहे. विश्वस्ताला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाला संस्थेच्या पैशातून किंवा सेवेतून खास फायदा झाला तर संस्थेची आयकरातली सूटच धोक्यात येऊ शकते. "आता तुम्ही आपल्यातल्याच, मुलाची फी राहू द्या" असं कोणी प्रेमाने म्हणालं तर प्रेमानेच नाही म्हणा. जी फी बाकीच्यांना तीच तुम्हाला, पावती घ्या, जपून ठेवा. फी परवडत नसलेल्या मुलांसाठी सवलतीची योजना असेल आणि तुम्ही त्यात बसत असाल तर तो निर्णयही तुमच्याशिवाय व्हायला हवा.

आणि दुसऱ्या मुलांचे रिपोर्ट. विश्वस्त झालात म्हणून कोणत्या मुलाचा आयक्यू किती आला, कोणाच्या घरी काय चाललंय, हे बघायचा हक्क तुम्हाला मिळत नाही. शाळेच्या गेटवर उभ्या असणाऱ्या आया तुम्हाला विचारतील, "अमक्याचा मुलगा पण तुमच्याकडेच येतो ना?" तिथे तुमचं उत्तर कायम एकच, मला सांगता येणार नाही. फाइली कुठे ठेवतात, कपाटाला कुलूप आहे का, रिपोर्टचे फोटो कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात का, हे मात्र विश्वस्त म्हणून जरूर विचारा, नव्हे विचारलंच पाहिजे.

उपयोग काय या प्रश्नावर मला जरा जास्त लिहायचंय, कारण तुम्ही बँकेत आहात आणि तुम्हाला वाटतंय की रेमेडियल येत नाही म्हणजे आपण तिथे शोभेपुरते. अगदी उलट आहे. आमच्या क्षेत्रात शिकवणाऱ्यांची मनं मोठी असतात आणि आकडेमोड कच्ची असते. एक साधा हिशेब मांडते. एक स्पेशल एज्युकेटर दिवसाला सहा मुलं एकेकटी घेते, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे तीस तास झाले. प्रत्येक मुलाला आठवड्यातून किमान दोनदा तरी यावंच लागतं नाहीतर मधे सगळं विसरतं, म्हणजे एका बाईंकडे पंधरा मुलं, संपलं. समजा पगार महिना तीस हजार, तर नुसत्या पगाराचाच भार दर मुलामागे दोन हजार रुपये, त्यात जागेचं भाडं, साहित्य, ऑडिट, वीज काहीच धरलेलं नाही. आणि हे एका महिन्यात आटपत नाही, दोन दोन वर्षं चालतं. आता रिक्षा चालवणाऱ्या वडिलांकडून किती घ्यायचे आणि उरलेले कुठून आणायचे, हा प्रश्न मंडळासमोर दर वर्षी उभा असतो, आणि त्याला नुसत्या चांगुलपणाने उत्तर देता येत नाही, तुमच्यासारखं कोणीतरी लागतं जे शांतपणे कागदावर मांडेल.

याच हिशेबामुळे एक मोह होतो, त्याबद्दल आधीच सांगून ठेवते. देणगीदाराला मोठा आकडा आवडतो. आमच्याकडे एका कंपनीचा प्रस्ताव आला होता की वर्षभरात शाळाशाळांत जाऊन हजारो मुलांची तपासणी करा, स्क्रीनिंग, आम्ही पैसे देतो. रक्कम चांगली होती, दोन वर्षांचं भाडं निघालं असतं, मंडळात बहुतेकांचे चेहरे खुलले होते. तेव्हा आमच्यातल्या एका विश्वस्तांनी, ज्या आयुष्यभर दुकानाचा हिशेब बघत आल्या, त्यांनी एवढंच विचारलं की ज्या मुलांत अडचण दिसेल त्यांचं पुढे काय? पूर्ण चाचणी कोण करणार, पालकांना कोण समजावणार, पंधरा मुलांची एक बाई या हिशेबाने शिकवणाऱ्या किती लागतील? खोलीत कोणाकडेच उत्तर नव्हतं. स्क्रीनिंग म्हणजे निदान नाही, ते फक्त सांगतं की या मुलाकडे नीट बघा. त्यानंतर बघायला कोणी नसेल तर आपण त्या पालकांच्या हातात एक भीती देऊन निघून येतो, आणि वर्गात त्या मुलाला नवीन टोपणनाव मिळतं. आम्ही कंपनीला कळवलं की कमी शाळा घेऊ, पण दिसलेल्या प्रत्येक मुलाची पूर्ण चाचणी आणि पुढचं रेमेडियल हे सगळं त्याच पैशात धरा. त्यांनी शेवटी निम्म्याहून कमी रक्कम दिली. मला आजही तो निर्णय बरोबर वाटतो, आणि तो शिकवणाऱ्या आमच्यापैकी कोणी नाही, हिशेब कळणाऱ्या बाईंनी करून घेतला.

दुसरा उपयोग म्हणजे बाहेरच्या माणसाचे साधे प्रश्न. शिकवणाऱ्या बाईंची आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, आणि तिची मुदत चालू आहे का? १९९२ च्या कायद्याने स्पेशल एज्युकेटरला ती लागते, आणि बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवसांचा कोर्स केलेल्यांना तेच नाव लावलं जातं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासह विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, तेव्हा अशा संस्थेला त्या कायद्याखाली नोंदणी लागते, ती झाली आहे का? मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी झाली आहे का, स्वयंसेवक, शिपाई, व्हॅनवाले काका सगळ्यांची? एकेकटं शिकवायची खोली आहे तिच्या दाराला काच आहे का? हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या कामात एक मोठं माणूस आणि एक मूल बंद खोलीत तासभर असतं, आणि ही मुलं आधीच "मला काही येत नाही" असं धरून बसलेली असतात, ती सहज बोलत नाहीत. पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे असा अत्याचार झाल्याचं किंवा तशी शक्यता असल्याचं कळलं की पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, संस्थेचं नाव खराब होईल म्हणून आपसात मिटवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच मीटिंगला बालसुरक्षेचं लेखी धोरण मागा. नसेल तर ते लिहिणं हे तुमचं पहिलं काम समजा.

आणि एकदा तरी, बाईंची आणि पालकांची परवानगी घेऊन, दुसऱ्या एखाद्या मुलाच्या तासाला कोपऱ्यात बसा. चौथीतली एक मुलगी मला आठवते, "घर" लिहिलेलं असलं की "धर" वाचायची, "प्रकाश" चं "परकाश" व्हायचं, जोडाक्षर आलं की बोट तिथेच थांबायचं आणि ती खिडकीबाहेर बघायला लागायची. बाईंनी घ आणि ध रव्याच्या ताटात बोटाने गिरवून घेतले, तोंडाने मोठ्याने म्हणत, मग कार्डावर, मग शब्दात, आणि पूर्ण तासात एवढंच झालं. हिशेबाच्या कागदावर हा एक तास "एक सेशन" असतो. तो प्रत्यक्ष बघितलेला विश्वस्त पुन्हा कधी "एका तासात दोन मुलं का नाही घेत?" असं विचारत नाही.

यातूनच माझा आवडता मुद्दा. तुमची संस्था कोणासाठी चालते ते बघा. इंग्रजी माध्यमाची, फी भरू शकणारी मुलं आपोआप येतात, त्यांच्या पालकांनी वाचलेलं असतं. मराठी माध्यमातलं, जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेतलं मूल येत नाही, ते "ढ" म्हणून मागच्या बाकावर बसतं आणि आठवी-नववीत शाळा सोडतं. आपल्याकडे १९९६ पासून दहावीला अशा मुलांना सवलती आहेत, पण सवलतीला सर्टिफिकेट लागतं, सर्टिफिकेटला चाचणी, आणि चाचणी मुलाच्या भाषेत व्हायला हवी. मराठीतलं साहित्य अजिबात नाही असं नाही, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली डाली नावाची चाचणी २०१५ मध्ये आली ती हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. मंडळात बसल्यावर हा प्रश्न लावून धरा की आपल्याकडची किती मुलं मराठी माध्यमाची आहेत आणि चाचणी कोणत्या भाषेत होते. नाशिकसारख्या गावात, जिथे बाजूलाच आदिवासी पट्टा आहे, हा प्रश्न मुंबई-पुण्यापेक्षा जास्त टोचायला हवा.

वेळेचं आता पटकन सांगते. शांत महिन्यात एक मीटिंग आणि थोडे फोन, तेवढंच. पण मार्चअखेर ते सप्टेंबर हिशेब, ऑडिट यात खजिनदाराला बराच वेळ द्यावा लागतो, आणि बँकेत म्हटल्यावर ते तुम्हाला खजिनदारच करणार हे धरून चाला. पहिलं वर्ष साधी विश्वस्त राहीन, खजिनदारी पुढच्या वर्षी, असं स्पष्ट सांगा. सह्यांसाठी कोरे चेक आधी सही करून ठेवायची पद्धत असेल तर पहिल्याच दिवशी ती बंद करा, तुम्हाला हे मी सांगायला नको. शिवाय तुमच्या बँकेच्या सेवा नियमांत बाहेरचं मानद पद घेण्याबद्दल काय म्हटलंय ते एचआरला लेखी विचारा, आणि संस्थेचं खातं तुमच्याच शाखेत असेल तर ते तर आधी सांगाच.

तर माझं मत असं आहे. कागद दाखवायला संस्था तयार असेल, मिनिट बुकात खरी चर्चा दिसत असेल, आणि मुलाच्या बाईंच्या पगाराचा विषय निघाल्यावर तुम्ही मनापासून बाजूला होऊ शकणार असाल, तर हो म्हणा. पण लगेच नाही. आधी दोन-तीन मीटिंगांना निमंत्रित म्हणून बसते असं सांगा, मत न देता नुसतं ऐका. जमेल असं वाटलं तर रीतसर ठराव करून घ्या, संमतीपत्र लिहून द्या, आणि चेंज रिपोर्ट दाखल झाल्याची प्रत स्वतःकडे घ्या. तीच पद्धत बाहेर पडताना, नुसता राजीनामा देऊन नाव निघत नाही.

नाहीच जमलं तरी संस्थेला तुमचा उपयोग आहे. हिशेबाला मदत करणारी, विश्वस्त नसलेली व्यक्ती म्हणून राहता येतं, किंवा परीक्षेच्या दिवसांत लेखनिक, म्हणजे मुलाने सांगितलेलं उत्तर लिहिणारा, मिळवून द्यायचं काम घेता येतं, दर वर्षी फेब्रुवारीत पालक लेखनिकासाठी वणवण फिरत असतात.

आणि विश्वस्तपद राहू द्या बाजूला, मुलगा सातवीत आहे म्हणून एक सांगते. सर्टिफिकेट लहान वयात काढलेलं असेल तर सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते चौदाव्या वर्षी पुन्हा करून घ्यावं लागतं. सरकारी रुग्णालयात तारखा लवकर मिळत नाहीत, आणि दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो, त्यामुळे आठवीतच नंबर लावून ठेवा, नववीच्या शेवटी पळापळ नको. शाळा टाळाटाळ करत असेल तर नेमकं काय म्हणाले ते इथेच लिहा, पत्र कसं द्यायचं ते सांगते.